रेडिएशनमध्ये काळी न पडणारी इमेज फायबर कशी बनवतात?

किरणोत्सारी जागेतलं चित्र बाहेर आणणारी काचेची फायबर काळी पडू नये म्हणून काय करतात, आणि साध्याच फायबरला शिशाचं वेष्टन दिलं तर भागणार नाही का, असं तुम्ही विचारलंय.

शिशाचं आधी सांगतो. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण निम्म्यावर आणायलाच सुमारे १.२ सेंमी शिसं लागतं. शंभरावा भाग करायचा तर ८ सेंमी. एवढं जाड वेष्टन चढवल्यावर फायबर वाकणार कशी, आणि अरुंद नळीतून आत शिरणार कशी? तेव्हा जे करायचं ते काचेतच.

गॅमा किरणांनी काचेत सुटे झालेले इलेक्ट्रॉन कच्च्या जागी अडकून बसतात आणि अशी प्रत्येक जागा ठरावीक रंगाचा प्रकाश गिळते. शुद्ध सिलिकातही (सिलिकॉन आणि ऑक्सिजनची काच) तुटलेल्या बंधांचा एक दोष ६३० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे लाल रंगात, प्रकाश शोषतो. पण जर्मेनियम मिसळलेल्या काचेत निळा प्रकाश भराभर शोषला जातो आणि चित्र पिवळट पडत जातं. फॉस्फरस तर त्याहून वाईट.

मग गाभा, म्हणजे प्रकाश वाहून नेणारा मधला भाग, शुद्ध सिलिकाचा ठेवायचा. खरी अडचण इथेच सुरू होते. इमेज फायबरमध्ये हजारो गाभे एकमेकांपासून काही मायक्रॉनवर असतात, आणि प्रत्येक गाभा म्हणजे चित्राचा एक ठिपका. गाभा आणि त्याभोवतीचं काचेचं आवरण यांच्या अपवर्तनांकात, म्हणजे प्रकाश वाकवण्याच्या प्रमाणात, पुरेसा फरक नसेल, तर प्रकाश शेजारच्या गाभ्यात झिरपतो आणि चित्र धूसर होतं. हा फरक वाढवायचा नेहमीचा मार्ग म्हणजे गाभ्यात जर्मेनियम, आणि नेमकं तेच इथे नको. म्हणून उलट बाजूने जातात: आवरणात फ्लोरिन घालून त्याचा अपवर्तनांक खाली आणतात. पण सिलिकात फ्लोरिन मुरायलाही मर्यादा आहे. त्यामुळे आवरण थोडं जाड ठेवावं लागतं, आणि त्याच व्यासात ठिपके कमी बसतात. माझ्या मते ही तडजोड मुकाट्याने मान्य करावी. सुरुवातीला रेखीव दिसून नंतर काळवंडणाऱ्या चित्राचा उपयोग काय?

गाभ्यात क्लोरीनही कमीत कमी हवं. ओएच गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) मात्र मुद्दाम राहू देतात. दूरसंचाराच्या फायबरमधून ते काढतात, कारण १३८३ नॅनोमीटरजवळ ते प्रकाश शोषतात. डोळ्यांना दिसणाऱ्या चित्राला त्याची झळ लागत नाही, उलट काही दोषांना आळा बसतो.

बनवताना आधी गाभा-आवरण असलेल्या जाड कांडीतून बारीक काड्या ओढतात. त्या आम्लाने आणि अतिशुद्ध पाण्याने धुऊन सिलिकाच्या नळीत खच्चून रचतात आणि सगळी जुडी सुमारे २००० अंश सेल्सिअसच्या भट्टीतून पुन्हा ओढतात. काड्या एकमेकींना चिकटतात, क्रम मात्र दोन्ही टोकांना तोच राहतो. सगळ्यात जपावं लागतं ते रचताना. काड्यांमध्ये धुळीचा एक कण राहिला तरी ओढताना तिथे बुडबुडा धरतो आणि चित्रात कायमचा काळा डाग येतो. तो नंतर काढता येत नाही.

विकत घेणार असाल तर ‘रेडिएशन-रेझिस्टंट’ एवढ्या शब्दावर जाऊ नका. किरणांचा एकूण डोस किती, दर तासाला किती, कोणत्या तरंगलांबीवर प्रति मीटर किती डेसिबल घट, हे विचारा. मीटरमागे १ डेसिबल घट किरकोळ वाटते, पण १० मीटर लांबीत प्रकाश दहाव्या हिश्श्यावर येतो. आणि ही मोजणी किरण चालू असतानाची आहे ना, हेही विचारा. किरण थांबले की काच थोडी सावरते आणि आकडे आहेत त्यापेक्षा चांगले दिसतात.