भाऊजींच्या गोळ्या आणि तुझी पगाराची स्लिप

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. विचारलंस ते फोनवरून विकतात तो विमा घ्यावा का, याबद्दल, पण मला खटकलं ते तू सहज लिहून गेलेलं वाक्य: 'बाबांच्या बीपीच्या गोळ्या सध्या एक दिवसाआड देतोय, तेवढीच बचत.' विम्याचं नंतर बघू. हे आधी थांबव.

गोळी चुकली तर त्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. म्हणून वाटतं, निभतंय. वाढलेलं बीपी दुखत नाही रे, तीच त्याची खोड. आत मेंदूच्या, हृदयाच्या रक्तवाहिन्या आणि किडन्या झिजत राहतात. वॉर्डात असताना अर्धांगवायूचे पेशंट खूप पाहिले. 'गोळ्या चालू होत्या का?' असं विचारलं की नातेवाईक एकमेकांची तोंडं बघायचे. मग अंथरुणावर एक जण आणि त्याचं करायला घरी बसलेला दुसरा. तुमच्या घरात तो दुसरा कोण असेल, याचा विचार कर.

आणि बचत करायचीच तर गोळीत नको, गोळीच्या ब्रँडमध्ये कर. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांग आणि ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात, म्हणजे स्वस्त औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानात, जा. अॅम्लोडिपिनसारख्या बीपीच्या साध्या गोळीचा महिना एक-दोन वडापावांच्या पैशांत निघतो. त्याहून बरं म्हणजे घणसोलीत महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्र आहे, तिथे केसपेपर काढ. बीपी, शुगरच्या नेहमीच्या गोळ्या तिथे फुकट मिळतात. एखाद्या वेळी साठा संपलेला असतो, म्हणून पाकीट संपायच्या आठ दिवस आधी जायचं. भाऊजी म्हणतील, 'सरकारी गोळीला गुण नसतो.' म्हणू देत. ते महापालिकेच्या नळाचंच पाणी पितात.

आता पगाराची स्लिप काढ. महापेच्या त्या कंपनीत तुझा पगार २१,००० च्या आत आहे, म्हणजे ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, पैसे कापले जात असणार. २०,००० पगार धरला तर तुझे १५० जातात आणि मालक ६५० भरतो. त्याचं कार्ड 'कधी काढलंच नाही' म्हणतोस! दर महिन्याला पैसे भरून दवाखान्याची पायरी चढायची नाही, याला काय म्हणावं? एचआरकडून तुझा विमा क्रमांक घे. बायको, मूल आणि तुझ्यावर अवलंबून असलेले आईवडील, सगळ्यांची नावं त्यात चढव. आईवडिलांच्या उत्पन्नाची अट असते, ती तिथेच विचार. हे होईपर्यंत फोनवरून विमा विकणाऱ्या त्या माणसाला 'बघतो' एवढंच सांग.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं थोडक्यात: वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार फुकट, रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं असलं तरी. पण ती ठरलेल्या आजारांसाठी, भरती झाल्यावर आणि योजनेत असलेल्या रुग्णालयातच. सर्दी-खोकल्याला नाही. अशा रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. पैसे भरायच्या आधी तिथे उभं राहायचं, नंतर नाही. रेशनकार्डावर बाळाचं नाव अजून नसेल तर ते या महिन्यात घाल.

खाण्याचं ताईला माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून दोनच गोष्टी. बाळासाठी आणतोस ती डब्यातली चॉकलेटी पावडर बंद कर, तिच्यात साखरच फार. त्या पैशांत अंडी, शेंगदाणे, नाचणी येते. दुसरं मिठाचं. माणशी दिवसाला एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, त्यात लोणचं, पापड आणि भाऊजींची लाडकी सुकटही आली. सुकट सोडायला सांगत नाही, मार खायचा नाहीये मला. दोन-तीन पाण्यांतून धुवा आणि वरून मीठ घालू नका.

सूनबाईचं हिमोग्लोबिन ९ आहे, म्हणजे कमीच, आणि लोहाची गोळी ती सकाळच्या चहाबरोबर घेते, असं ताई म्हणाली. चहाने ती गोळी अंगी लागत नाही. चहात आणि गोळीत तासा-दोन तासांचं अंतर ठेवायचं, बरोबर लिंबूपाणी घ्यायचं. आणि घरात सगळ्यात शेवटी उरलंसुरलं कोण जेवतं, ते एकदा बघ.

राहिलास तू. झोप लागत नाही, बाळ रडलं की अंगावर ओरडतोस, लोकलमध्ये छातीत धडधडतं, असं लिहिलंस. आधी छाती तपासून घे, ईसीजी काढ. तो नीट आला तर ही काळजीची धडधड असू शकते, आणि तिलाही उपचार आहे. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या मदतीचा, सरकारी नंबर, फोन फुकट, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. समोर बसून बोलायचं तर ठाण्याचं मनोरुग्णालय आहे. हसलास ना? 'याला ठाण्याला पाठवा' म्हणत आपण सगळेच मोठे झालो. १९०१ सालचं ते रुग्णालय, पण तिथल्या ओपीडीत रोज तुझ्यासारखे नोकरीवाले येतात, गोळ्या घेऊन कामावर जातात.

त्या मोबाइल अॅपवरच्या कर्जाचं सूनबाईला अजून सांगितलेलं नाहीस, असं दिसतंय. सांग. रविवारी जेवणं झाल्यावर, बाळ झोपलं की, कागदावर सगळं लिहून तिच्यासमोर ठेव. चिडेल, रडेलही. पण निम्मी झोप तुझी तिथेच अडकलीय. नवं कर्ज काढून जुनं फेडू नकोस, लागलंच तर आधी माझ्याशी बोल.

शनिवारी तुला सुट्टी असते. सकाळी साडेआठला आरोग्य केंद्रापाशी भेट, भाऊजींना घेऊन ये. त्यांचं आधारकार्ड, जुन्या चिठ्ठ्या आणि उरलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाक. घरून निघताना त्यांना चहा-तंबाखू देऊ नकोस, बीपी खोटं वाढलेलं दिसतं. त्या दिवशीची गोळी मात्र द्यायचीच.

तुझी,
मावशी