घरच्या घरी गिटारचं पिक: कापणं सोपं, घासणं महत्त्वाचं

पिक, म्हणजे गिटारच्या तारा छेडायची छोटी चपटी पट्टी, कशापासून बनवायचं यावर फार डोकं खाजवू नकोस. मुदत संपलेलं बँकेचं कार्ड घे. त्याची जाडी साधारण 0.76 मिमी, म्हणजे विकतच्या मीडियम पिकएवढीच. आइस्क्रीमच्या डब्याचं झाकणही चालतं, पण ते पातळ. स्ट्रमिंगपुरतं, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडायला ठीक, एकेक तार छेडायला गेलास की लवतं.

जुनं पिक कार्डावर ठेवून आखून घे. चिप आणि उठावाचे आकडे टाळ. रेषेच्या किंचित बाहेरून काप, कारण घासताना थोडं जातंच.

खरं काम इथून पुढे. कात्रीने कापलेल्या कडेला बारीक कंगोरा राहतो. ती कड नखावरून ओढून बघ; अडकली, तर तारेवरही खरखरणारच. आधी 400 नंबरचा पॉलिश पेपर, मग 1000 चा. टोकाला दोन्ही बाजूंनी हलका उतार दे, म्हणजे पिक तारेवरून न अडखळता सरकेल. शेवटी जीन्सच्या कापडावर चांगलं रगड. इथे कंटाळा केलास तर सगळी मेहनत वाया.

घामाने सटकत असेल तर पकडायच्या जागी सुईने आडव्यातिडव्या रेघा ओढ. कड आगीवर वितळवायच्या फंदात मात्र पडू नकोस. बहुतेक कार्डं पीव्हीसीची असतात, धूर विषारी. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे सहा पेन्सच्या जुन्या ब्रिटिश नाण्याने वाजवतात हे खरं, पण नाण्याने तारा लवकर झिजतात. आणि हो, कापण्याआधी कार्ड खरंच बंद झालंय ना, ते बघ!