घरचं इंटरनेट कनेक्शन बदलण्याआधी हे बघा
महिन्याचा आकडा कमी दिसला म्हणून लगेच उडी मारू नका. आधी जुना करार काढा: मुदतीआधी सोडल्यास दंड किती, नोटीस किती दिवसांची? राउटर जुन्या कंपनीचा असेल तर परत करून पोचपावती घ्याच. नाहीतर त्याचे पैसे अनामतीतून कापतात. नवं सुरू होऊन नीट चालेपर्यंत जुनं बंद करू नका. थोडे दिवस दुहेरी बिल पडेल, पण ते परवडतं. जुनं बंद करताना त्याचं ऑटो-डेबिट मात्र आठवणीने थांबवा. घरी कॅमेरे असतील आणि ते बाहेरून बघत असाल, तर नवीन कंपनी स्वतंत्र पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा, फक्त तुमच्या कनेक्शनचा इंटरनेटवरचा पत्ता) देते का, विचारा. बऱ्याच कंपन्या त्याचे वेगळे पैसे लावतात. आणि हो, सवलत संपल्यावरचा दर लेखी मागा.