कातन म्हणा, कर्तरी नको

प्रश्न असा आला आहे : ‘विकृत अणुकेंद्रांतील चुंबकीय द्विध्रुव उत्तेजन या विषयावर वाचताना “कर्तरी विधा” असा शब्द सापडला. यात नेमके काय कापले जाते? आणि हा शब्द योग्य आहे का?’

विधा म्हणजे हालचालीची तऱ्हा, आणि या तऱ्हेचे इंग्रजी नाव ‘सिझर्स मोड’. तीत काहीही कापले जात नाही. शब्द योग्य नाही. ‘विकृत’ तर त्याहून नाही. अणुकेंद्र चेंडूसारखे गोल नसून लांबट असेल तर त्याला लांबट म्हणावे, फार तर विरूपित म्हणावे. मराठीत विकृत माणसे असतात, विकृत मनोवृत्ती असते. असे लांबट अणुकेंद्र असलेल्या गॅडोलिनियम या मूलद्रव्याने कोणाचे काय वाकडे केले आहे? तरी हा शब्द पुन:पुन्हा कानावर येतोच.

‘द्विध्रुव’ म्हणजे दोन ध्रुवांची जोडी, ‘उत्तेजन’ म्हणजे ऊर्जा मिळून हलणे; यांवर शाई खर्चायला नको, ते सरळ आहेत. मौज कात्रीत आहे. लांबट अणुकेंद्रात प्रोटॉनांचा एक लंबगोल आणि न्यूट्रॉनांचा दुसरा, दोन्ही एकमेकांत बसलेले, अशी कल्पना करा. ऊर्जा मिळाली की दोन्ही लंबगोल एकाच मध्याभोवती परस्परविरुद्ध दिशांनी थोडेसे वळतात, परततात, पुन्हा वळतात. कात्रीची पाती उघडमीट करतात तशी ही हालचाल, म्हणून ते नाव. प्रोटॉनांवर विद्युत्‌भार असतो, न्यूट्रॉनांवर नसतो. त्यामुळे या डोलण्यातून प्रवाह उपजतो आणि प्रवाहातून चुंबकीय द्विध्रुव. निकोला लो युदिचे आणि फाब्रित्सिओ पालुम्बो यांनी १९७८ साली हे कागदावर मांडले. १९८४ साली जर्मनीत डार्मश्टाटला आखिम रिख्टर यांच्या गटाने गॅडोलिनियम-१५६ वर इलेक्ट्रॉनांचा मारा करून, सुमारे ३० लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेपाशी, ते प्रत्यक्ष पाहिले.

आता ‘कर्तरी’. संस्कृतात कर्तरी म्हणजे कात्री, हे कबूल. ज्योतिषात पापकर्तरी योग आहे, नृत्यात कर्तरीमुख हस्त आहे. पण शाळेत गेलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ‘कर्तरी’ म्हटले की प्रयोग आठवतो, ‘राम पुस्तक वाचतो’ आठवते. आणि त्या कर्तरीचा कात्रीशी काडीचा संबंध नाही! ती ‘कर्तृ’ शब्दाची सप्तमी, ‘कर्तरि’, म्हणजे कर्त्याच्या ठायी. भारदस्त दिसावे म्हणून परिभाषा करणारी मंडळी घरातला शब्द टाकून संस्कृताच्या दाराशी जातात आणि तिथून भलत्याच घराचे माणूस घेऊन येतात.

खरा ऐवज ‘कात्री’च्या मुळाशी आहे. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळरूपांच्या यादीत, ‘कृत्’ दोनदा येतो. एक ‘कृती छेदने’, म्हणजे कापणे. कर्तरी, कात्री, कातरणे ही त्याची संतती. (सापाची कातही याच कुळातली, ‘कृत्ति’ म्हणजे कातडे यावरून आलेली. विड्यातल्या काताचा यात संबंध नाही.) दुसरा ‘कृती वेष्टने’, म्हणजे वेढणे, गुंडाळणे. सूत कातणे इथून आले. चरकावर लाकूड फिरवून त्याला गोलाई देतो तो कातारी, आणि त्याने घडवलेले ते कातीव. तेही याच घरचे. चरकावर लाकूड तासले जाते म्हणून कातारीला छेदनाच्या खात्यात टाकणारे आहेत. त्यांनी सुतारालाही तिथेच बसवावे, तोही तासतो. कातारीचे वेगळेपण फिरवण्यात आहे, तासण्यात नाही.

या वेढ्यातच माझा आनंद आहे. अणुकेंद्रातले चुंबकीय द्विध्रुव उत्तेजन दोन तऱ्हांनी घडते. एकात कणांचे स्वत:चे फिरके (स्पिन) उलटतात. ते बरेच वरच्या ऊर्जेला होते. दुसऱ्यात कणांचे मध्याभोवतीचे भ्रमण कारणी लागते, आणि आपली कात्री प्रामुख्याने या दुसऱ्या तऱ्हेची. म्हणजे हे काम छेदनाचे नव्हेच, वेष्टनाचे. अणुकेंद्र जितके लांबट तितका याचा जोर जास्त, विरूपणाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे विरूपण दुप्पट तर जोर चौपट. हे १९९० साली समेरियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांवरून, म्हणजे न्यूट्रॉनांची संख्या तेवढी वेगळी असलेल्या त्याच्या भावंडांवरून, दिसून आले. पूर्ण गोल अणुकेंद्रात ही कात्री नाही, कारण गोलाला वळवले काय आणि न वळवले काय. तेव्हा माझे म्हणणे असे की, ‘कातन’ म्हणावे. कात्रीचा ध्वनी राहतो आणि अर्थ फिरण्याचा येतो. व्युत्पत्तिकार नाके मुरडतील की दोन धातूंची मी खिचडी केली. भाषेने ती आधीच केली आहे. संस्कृतातल्या ‘कर्तन’ला कापणे आणि कातणे हे दोन्ही अर्थ आहेत.

शिवाय २००० साली ऑक्सफर्डमध्ये रुबिडियमच्या अतिशीत वायूत असेच डोलणे दिसले आणि त्यालाही कात्रीच म्हटले गेले. तिथे प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या जोडीचा प्रश्नच नाही. वायूचा एकच ढग त्याला धरून ठेवणाऱ्या चुंबकीय सापळ्याच्या अक्षाभोवती डोलतो. एका पात्याची कात्री! ‘कातन’ तिथेही बिनतक्रार बसते. ज्यांना अजून कर्तरीच हवी असेल त्यांनी या प्रयोगात कर्ता कोण तेवढे सांगावे.