घरच्या संगणकासाठी विकतचा अँटिव्हायरस घ्यावा का?

विंडोज ११ असलेल्या घरच्या संगणकावर बँकेचे व्यवहार आणि मुलांचा अभ्यास दोन्ही चालतात, तेव्हा विकतचा अँटिव्हायरस घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आधी विंडोजसोबत विनामूल्य येणारा डिफेंडर तपासावा, कारण घरगुती वापराला तो पुरेसा आहे. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील ढालीवर हिरवी खूण असेल, तर संरक्षण चालू आहे असे समजावे. मात्र फायलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरपासून निवडक फोल्डर वाचवणारी त्यातील सोय मुळात बंद असते, ती आपणच चालू करावी, आणि फोटो व कागदपत्रांची एक प्रत एरवी संगणकाला न जोडलेल्या हार्ड डिस्कवर अवश्य ठेवावी.

विकतचाच घ्यायचा असल्यास, तो पुण्याच्या क्विक हीलचा असो वा परदेशी कंपनीचा, दुकानदाराच्या शिफारशीपेक्षा एव्ही-टेस्ट किंवा एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या चाचणी संस्थांचे ताजे निकाल पाहावेत आणि दुसऱ्या वर्षीचे नूतनीकरण शुल्क आधीच विचारून घ्यावे. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवू नयेत. फुकटचा खेळ उतरवताना ‘अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा’ अशी सूचना आली, तर तो खेळ तिथेच सोडून द्यावा, हे मुलांनाही आवर्जून सांगावे.