लेतिसिया विमानतळावरचा शिक्का विसरू नका

बोगोटाहून विमानाने कोलंबियाच्या सीमेवरचं लेतिसिया, तिथून पलीकडे ब्राझीलमधलं ताबातिंगा आणि मग ॲमेझॉन नदीतून बोटीने ब्राझीलमधलंच मनौस, हा तुमचा बेत वाचून पोटात गोळाच आला. मीही अगदी असाच गेलो होतो. व्हिसा वगैरे तुम्ही बघितलाच असेल, म्हणून थेट मुद्द्यावर येतो: कोलंबियातून बाहेर पडल्याचा शिक्का कुठे घेणार?

बोगोटातल्या एका एजंटाने मला छातीठोकपणे सांगितलं, "शिक्का बोटीच्या धक्क्यावर मिळतो." मी विश्वास ठेवला. बोगोटा-लेतिसिया हे देशांतर्गत विमान, त्यामुळे उतरल्यावर पासपोर्टवर काहीच उमटत नाही. बाहेरच्या प्रवाशांकडून पर्यटन कर तेवढा घेतात (पेसो रोख जवळ असू द्या). लेतिसिया आणि ताबातिंगा एकमेकांना चिकटलेली गावं. रस्ता ओलांडला की ब्राझील. कोणी अडवत नाही, काही विचारत नाही, आणि फसगत होते ती इथेच. दोन दिवस मी मजेत इकडून तिकडे फिरलो.

बोटीच्या दिवशी सकाळी ब्राझीलच्या प्रवेश शिक्क्यासाठी ताबातिंगाच्या फेडरल पोलिसांकडे गेलो, तर त्यांनी पानं उलटून विचारलं, कोलंबियाचा निर्गमन शिक्का कुठाय? तो मिळायचा आल्फ्रेदो वास्केस कोबो विमानतळावर, म्हणजे जिथे मी उतरलो होतो तिथेच! रिक्षाने धावत गेलो तर खिडकी बंद. बोट गेली. मनौसला जाणारी संथ बोट रोज नसते आणि तिला प्रवाहाबरोबर जातानाही तीन-चार दिवस लागतात. मनौसहून पुढचं विमान चुकलं, पैसे परत मिळाले नाहीत. त्या एजंटाला नंतर लिहिलं, उत्तर आलं नाही. चुकीची माहिती देणाऱ्याचं काही जात नाही, भोगतो प्रवासी, याचा मला आजही राग येतो.

माझं मत स्पष्ट आहे: आदल्या दिवशीच विमानतळावर जा, विमानाच्या वेळेच्या आसपास, तेव्हा माणसं असतात. मनौसच्या पुढच्या तिकिटाआधी किमान दोन मोकळे दिवस ठेवा. अर्थात हा माझ्या वेळचा अनुभव. नियम आणि खिडक्या बदलतात, तेव्हा कोलंबियाच्या इमिग्रेशन खात्याकडून स्वतः खात्री करा, एजंटाकडून नको. मनौसऐवजी पेरूत इकितोसला जायचं ठरलं तर पेरूचा शिक्का समोरच्या सांता रोसा बेटावर घ्यावा लागतो. कोलंबियाचा त्याआधी हवाच.

आणखी दोन गोष्टी. संथ बोटीत झोपायची झोळी (हॅमॉक) आपली आपणच टांगायची असते, ती ताबातिंगात घ्या. आणि पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्या. प्रमाणपत्र नसेल तर परत आल्यावर मुंबईत सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

हो, आणि एक संध्याकाळ लेतिसियाच्या सांतांदेर बागेत काढा. अंधार पडताना हजारो छोटे पोपट झाडांवर उतरतात. बोट चुकल्यावर मी तिथेच बसलो होतो.