लाइन जाणाऱ्या गावात लिनक्स मिंट (कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम) अपडेट करताना

भाऊ, डाउनलोड अन् इन्स्टॉल एकाच दमात करू नको. आधी टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ‘सुडो ॲप्ट अपडेट’, मग ‘सुडो ॲप्ट अपग्रेड -डी’ दे (टाइप मात्र इंग्रजी लहान अक्षरांत). यात पॅकेजं (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) फक्त उतरतात; मधेच लाइन गेली तर तीच कमांड पुन्हा द्यायची. खरा घात इन्स्टॉल चालू असताना होतो, पॅकेज अर्धवट बसतं. म्हणून ‘-डी’शिवायची कमांड लॅपटॉपची बॅटरी भरल्यावरच. डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेव. नॉर्मल मोडवर लाइन बदलताना पीसी रीस्टार्ट होऊ शकतो. तरी अडकलंच तर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, त्यानंतर ‘सुडो ॲप्ट -एफ इन्स्टॉल’. लॉकचा एरर (दुसरा प्रोग्रॅम पॅकेजं हाताळतोय असं सांगणारा) आला म्हणून लॉक फाइल उडवू नको, बहुतेकदा मागे अपडेट मॅनेजरच चालू असतो.